अंगठा तिचा, जबाबदारी कुणाची?

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आठवडे बाजारात मीठ-मिरची घेण्याआधी डांगाणातली, म्हणजे तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यातली म्हातारी माणसं एका टेबलापुढे रांग लावतात. टेबलावर लॅपटॉप, नाहीतर नुसता मोबाईल, त्याला वायरने जोडलेलं अंगठ्याचं छोटं यंत्र आणि पलीकडे बँकेचा प्रतिनिधी. निराधारचे पैसे आले का, लाडक्या बहिणीचे पडले का, शेतकरी सन्मानचे दोन हजार जमा झाले का, याचं उत्तर त्या यंत्राकडे. आजी कनवटीची पिशवी उघडते, लॅमिनेशन केलेलं आधार कार्ड पुढे करते, अंगठा ठेवते. यंत्र तो नाकारतं. प्रतिनिधी फडक्याने काच पुसतो, तिचा अंगठाही पुसतो. "परत दाबा आजी." मग दुसऱ्या हाताचा अंगठा. मग मधलं बोट. आयुष्यभर चिखलात भात लावून, रानात हिरडा गोळा करून, बांधाचे दगड उचलून ज्या हाताच्या रेषा झिजल्या, त्याच रेषांवर आपण तिचे महिन्याचे दीड हजार रुपये टांगून ठेवले आहेत.

आता पडदा बघा. तो प्रतिनिधीकडे तोंड करून आहे. व्यवहार झाला की फसला, किती निघाले, किती उरले, हे त्यालाच दिसतं. "सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या बाजारी या," हे खरं की खोटं, हे ताडायला आजीच्या हातात काही नाही. पैसे निघाल्याचा मेसेज ज्या नंबरवर जातो, तो नंबर नारायणगावला मजुरीला गेलेल्या मुलाचा असतो, किंवा रिचार्ज न मारल्यामुळे कधीच बंद पडलेल्या सिमचा. कागदी पावती मागायची असते हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती मागितली तर "रोल संपलाय".

बहुतेक प्रतिनिधी सरळमार्गी आहेत. गावातलीच पोरं, कुणाच्या तरी नात्यातली, तुटपुंज्या कमिशनवर दिवसभर उन्हात बसणारी. त्यांच्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो ज्यांनी ही व्यवस्था एका माणसाच्या भलेपणावर सोडून दिली, त्यांच्यावर. बँकेचा शाखेचा खर्च वाचला, खिडकी वाचली, कारकून वाचला. सरकारचा वाटपाचा खर्च वाचला. आणि पैसे गेले तर गेले कुणाचे? आजीचे.

अंगठ्याच्या या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढं पुरतं. आधार कार्डाची झेरॉक्स आपण सिम घेताना देतो, लॉजवर देतो, शाळेत देतो, योजनेच्या प्रत्येक फॉर्मला जोडतो. ठसा तर जमिनीच्या खरेदीखतावरही असतो. हैदराबादकडच्या आणि हरियाणातल्या पोलीस तपासांत हेच उघड झालं, की चोरांनी नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उतरवून नकली अंगठे बनवले आणि लोकांची खाती रिकामी केली. त्या लोकांनी कुठली लिंक दाबली नव्हती, कुणाला नंबर सांगितला नव्हता. त्यांनी जमीन खरेदी केली होती, एवढीच त्यांची चूक.

आणि आपण आजीला सांगतो, सावध राहा.

'सावध राहा' हा सल्ला मला आता सहन होत नाही. बँकेच्या भिंतीवर तोच, मध्यंतरी फोन लावताना कानातही तोच, शाळेतल्या सायबर व्याख्यानात तोच. "ओटीपी कुणालाही सांगू नका." ठीक. मग गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेत काय झालं ते आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी, तोही टाकायचा. आता अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडची एक वाडी डोळ्यांपुढे आणा. नवरा मजुरीला बाहेरगावी, फोन त्याच्या खिशात. बाई सेतूमध्ये. ओटीपी त्याला येतो, तो फोन करून तिला सांगतो, ती सेतूवाल्याला सांगते, सेतूवाला टाकतो. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. मधे रेंज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्या बाईला आपण वर्षानुवर्षं "ओटीपी सांगू नको" म्हणत होतो, तिच्याकडून सरकारी योजनेनेच तो भरल्या दुकानात मोठ्याने वदवून घेतला. विधवेला नवऱ्याचा ओटीपी कुठून येणार, हा प्रश्नही योजना आखताना नाही, तर बाया रडकुंडीला आल्यावर सुचला. मुदत वाढवावी लागली, ३१ डिसेंबरपर्यंत.

पुढे कधी एखादा चोर याच बाईला फोन करून म्हणेल, "लाडक्या बहिणीच्या ऑफिसातून बोलतोय, ओटीपी सांगा," तेव्हा ती सांगेल. का नाही सांगणार? तिला ही सवय सरकारने लावली आहे.

दुसरा प्रकार व्हॉट्सअॅपवरचा. लग्नसराईत गावाच्या ग्रुपवर पत्रिका पडतात. हल्ली छापील पत्रिकेआधी फोनवरची येते. अशातच एक फाईल येते, नाव लग्नपत्रिका, शेवटी तीन अक्षरं, एपीके. कधी तिचं नाव पीएम किसान असतं, कधी वाहनाचं चलान. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं अख्खं अॅप. ते उघडलं की फोन विचारतो, मेसेज वाचायची परवानगी देऊ का. घाईत 'हो' दाबलं जातं. त्यानंतर बँकेचे ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो, आणि तुमच्याच नावाने तीच पत्रिका तुमच्या पन्नास पाहुण्यांना जाते. मामाच्या नंबरवरून आली म्हणून भाचा उघडतो. इथे लुटीचं हत्यार विश्वास आहे, आणि राजूरसारख्या, सगळ्यांनी सगळ्यांना ओळखण्याच्या गावात तो जास्तच असतो. पत्रिकेच्या नावाखाली एपीके दिसली तर हात लावू नका आणि ज्याच्या नंबरवरून आली त्याला साधा फोन करा. एवढं घरातल्या शाळकरी पोरालाही शिकवता येतं.

पण पुन्हा तेच. ही काळजी आपण घेऊच. ज्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, संगणक आहेत, कोट्यवधींचं बजेट आहे, त्यांनी काय घ्यायची?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले. दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटी रुपये गेले. बरेचसे परदेशातल्या एटीएममधून, काही हाँगकाँगच्या खात्यात. बँकेने ग्राहकांना सांगितलं की तुमच्या खात्यांना धक्का लागलेला नाही. चांगलं केलं. पोलिसांचं विशेष पथक बसलं, तपास झाला, आरोपींना शिक्षाही झाल्या. त्या वेळी कुणीही बँकेला विचारलं नाही की तुम्ही सावध का राहिला नाहीत. आजीचे दीड हजार गेले की मात्र पहिला प्रश्न, "अंगठा कशाला दिलास?" ९४ कोटींची चोरी हा हल्ला, आणि दीड हजारांची चोरी हा बावळटपणा. हा भेद मला संतापजनक वाटतो.

देशभरात २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले, असं केंद्रीय गृहखात्याने संसदेत सांगितलं. त्याआधीच्या वर्षी हा आकडा साडेसात हजार कोटींच्या आत होता. एका वर्षात तिप्पट. एवढी माणसं एकाएकी बावळट झाली नाहीत. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक लुटले गेले. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं की कायद्यात अशी अटकच नाही. शिकलेली, शहरातली, स्वतःचा फोन स्वतः वापरणारी माणसं जिथे फसतात, तिथे डांगाणातल्या निरक्षर बाईला दोष देणं बंद करा.

कायदा काय म्हणतो ते तिला कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून हे नियम घातले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा एक रुपयाही जाता कामा नये. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तरीही एक रुपया जाता कामा नये. चार ते सात दिवसांत केली, तर मूलभूत (बेसिक) बचत खात्याला जास्तीत जास्त पाच हजारांची झळ. तक्रार आली की बँकेने कामाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहक दोषी आहे हे बँकेने सिद्ध करायचं आहे. आजीने निर्दोष असल्याचा पुरावा आणायचा नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तिच्यावर येतं, हेही त्यात आहे. म्हणून तर वरचा केवायसीचा प्रकार मला इतका झोंबतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. फोन १४४४८. कागदावर लिहून पाठवलेली तक्रारही चालते, वकील लागत नाही.

थोडी सुधारणा होते आहे. अंगठ्याचे व्यवहार करणाऱ्या चालकांची नीट पडताळणी करा, तीन महिने बंद राहिलेल्या चालकाची पुन्हा तपासणी करा, त्याच्या व्यवहारांवर नजर ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना बजावलं आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झालं. म्हणजे जबाबदारी वर सरकवता येते. मनात आणलं तर येते. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला रेशन किंवा योजनेपासून परत पाठवू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा, हे आधार प्राधिकरणानेच ऑक्टोबर २०१७ मध्ये लिहून दिलंय. तो कागद राजूरच्या किती दुकानांत लावलेला आहे, हे बाजाराला गेल्यावर ज्याने त्याने बघावं.

या भागात एक म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, धरण उशाला नि कोरड घशाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, आता शंभरीला आलं. पाणी खालच्या उसाला गेलं आणि वरच्या वाड्यांनी उन्हाळ्यात हंडे वाहिले. इंटरनेटचंही तसंच होऊ द्यायचं का, हा माझा सवाल आहे. जोखीम वरच्या वाड्यांना, लाभ खालच्यांना.

समाजमाध्यमांकडे याच नजरेने पाहा. मे-जूनमध्ये घाटघर, रतनवाडी, मुरशेत, उडदावणेच्या झाडांवर काजवे येतात. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. पूर्वी मोजकी माणसं ते बघायला यायची. आता एक रील लाखांनी बघितली जाते आणि शनिवारी रात्री कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश. त्या झगझगाटात काजव्यांना एकमेकांची हाक दिसत नाही. तंबू लावून, पिठलं-भाकरी करून गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण रील करणाऱ्याला लाइक मिळतात आणि तो रविवारी परत जातो. कचरा गावाकडे राहतो, आणि पुढच्या वर्षी काजवे कमी झाले तर तेही गावानेच सोसायचं.

हे निदान झाडांवरच्या किड्यांपुरतं. माणसांच्या जिवावर बेतलं तेही आपल्याच राज्यात. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, राजूरसारखंच आदिवासी मुलुखातलं बाजाराचं गाव. तो बाजाराचाच दिवस होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा मेसेज त्यांच्याआधी गावात पोचला होता. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही जणांना. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ही मर्यादा आधी घालता आली नसती का? तंत्र तेच होतं, इंजिनिअर तेच होते. माणसं मेल्याशिवाय गरज वाटली नाही.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० ला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे पुन्हा तेच. चोर फिरताहेत, मुलं पळवताहेत, ही अफवा; दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती पडले. मग शहरात बसलेल्यांनी त्या मृत्यूंना समाजमाध्यमांवर धर्माचा रंग दिला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून, यात एकही मुस्लिम नाही, असं सांगावं लागलं. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले, दुसरीने राज्य पेटायची वेळ आणली. पहिली पसरवणारे गावकरी तुरुंगात गेले. दुसरी पसरवणारे आजही तुमच्या-माझ्या ग्रुपवर आहेत.

राजूरच्या बाजाराला आजही बाहेरची माणसं येतात. बैल घ्यायला येतात, बोहारणी येतात, वासुदेव-गोसावी येतात. डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला तर लांबलांबून लोक येतात. अनोळखी माणूस ही या गावाच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. तिची भीती घालणारा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी राजूर पोलीस ठाण्याला एक फोन करा.

यावर गावं काहीच करू शकत नाहीत, असं कुणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. तो ठराव लावून धरला तो गावातल्या बायांनी. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आया-बहिणींवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड लावला, आणि त्याच सभेत संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हातात मोबाईल नको, असंही ठरवलं. कायद्याने हे किती बांधील, यावर वाद घाला. पण गावाने बसून ठरवलं, ही गोष्ट लहान नाही.

अकोल्याच्या पश्चिमेकडची आदिवासी गावं पेसा कायद्याखाली येतात. १९९६ चा तो कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम वाडी-पाड्यालासुद्धा आपली ग्रामसभा भरवू देतात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय तर राजूरलाच आहे. ग्रामसभा आणि हे कार्यालय, या दोघांकडे माझी मागणी मोठी नाही. बाजाराच्या दिवशी अंगठ्याच्या टेबलाचा पडदा ग्राहकाकडे वळवा. प्रत्येक व्यवहाराची कागदी पावती सक्तीची करा; रोल संपला तर टेबल बंद. रिझर्व्ह बँकेचं आणि आधार प्राधिकरणाचं म्हणणं मराठीत, मोठ्या अक्षरात, रेशन दुकानात आणि बँकेच्या दारात लावा. आश्रमशाळेतली नववी-दहावीची पोरं-पोरी महिन्यातून एक दिवस तिथे बसवा, म्हाताऱ्यांना त्यांची पावती वाचून दाखवायला. पैसे खात्यात टाकले की काम संपलं, हे या विभागाने तरी मानू नये. वसतिगृहाची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा जुलै २०१८ मध्ये आदिवासी मुलं त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती.

आणि वाचकहो, तुमच्या घरातल्या कुणाचे पैसे गेले तर रागावण्यात वेळ घालवू नका. आधी १९३० फिरवा. जितक्या लवकर फिरवाल तितकी रक्कम मधेच अडवण्याची शक्यता जास्त. मग पासबुक घेऊन त्याच दिवशी बँकेत जा, लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. "बघतो, करतो" यावर घरी परतू नका. पोच हातात पडेपर्यंत खुर्ची सोडू नका.